चवीपुरतं मीठ

कुरुद, भिलाई
१ नोव्हेंबर २०२३

ती. सुजाताताई यांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलात आणि गर्दीत चप्पल हरवून अनवाणी पुलगावला परतलात, ते वाचून हे पुष्कळ हसले. म्हणाले, बाईने दरवर्षी एक जोड नागपूरला दान करायचा नेमच धरला आहे.

इतके दिवस माझं पत्र आलं नाही त्याला कारण माझे दात. खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या उगवल्या होत्या आणि सारख्या सुजायच्या. सुपेल्यातल्या डॉक्टरने दोन्ही एकाच बैठकीत काढल्या. त्याला आता दीड महिना होईल. सूज उतरली, दुखणंही गेलं, पण सुई दिल्यावर जो बधिरपणा येतो तो गेलाच नाही. खालचा ओठ, हनुवटी आणि जिभेचा पुढचा भाग माझा राहिलेला नाही. दुसऱ्या कुणाचा ओठ आणून चिकटवावा तसं वाटतं. पाणी प्याले तर कोपऱ्यातून गळतं आणि मला समजत नाही. परवा जीभ चावली गेली, ती पदरावर रक्त दिसलं तेव्हा कळली. डॉक्टर म्हणतो नस दुखावली आहे, सहा महिने लागतील, वर्ष लागेल, एखाद्याची परत येतही नाही. हे त्याने आधी सांगितलं होतं, त्यामुळे त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

बोलणंही जड झालं आहे. भाजीवाल्याला काही मागितलं की तो दोनदा विचारतो आणि मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसतो. म्हणून फोन घ्यायचा बंद केला. तुम्हाला तसंही फोनवर ऐकू येत नाही. तुमचे कान बधिर, माझी जीभ बधिर. आपल्या दोघींना पत्रच बरं.

यांची तब्येत ठीक आहे. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं निघालं तेव्हापासून घरात एकच आळणी स्वयंपाक असतो. तेव्हाचे डॉक्टर आपल्या अकोल्याकडचे होते, मराठीतच म्हणाले होते की मीठ फक्त चवीपुरतं. मी आजवर तळहातावर थेंब घेऊन चाखत टाकत आले. आता चवच लागत नाही, म्हणून वाढल्यावर यांना विचारते. हे म्हणतात, एकदम बरोबर.

आनंदाची बातमी म्हणजे संघमित्राला दिवस गेले आहेत. जूनमध्ये होईल. रायपूरला तिच्याच घरी बाळंतपण करायचं ठरलं आहे आणि मी जाणार आहे. एकुलती एक मुलगी आहे, तिला माझ्या हातचं खाऊ घालायचं एवढंच आता माझ्या मनात आहे.

थंडीत मुगवड्या घालायला या. आहे तो जिव्हाळा कमी होऊ देऊ नये.

आपली,
शालू

---

पुलगाव
१४ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. शालू हिस,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

तुझं पत्र वाचून काळजी वाटली आणि हसूही आलं. अक्कलदाढ काढायची तर काढावी, पण दोन्ही एकदम काढायच्या नव्हत्या. थोडीफार अक्कल घरात राहू द्यायची होती. तू लग्न होऊन आलीस तेव्हा आई म्हणाली होती की पोरगी घुमी आहे, तोंडातून शब्द निघत नाही. आता तर घुमेपणाला डॉक्टरचा दाखला मिळाला.

एक मात्र सांगते. तोंडातून गळतं आणि कळत नाही म्हणतेस, तर चौघांत जेवायला बसत जाऊ नकोस. आमच्या नरेशला समोर बसून ते कसं बघवत असेल? तो बोलायचा नाही, लहानपणापासून तसाच आहे. निदान मांडीवर एक रुमाल ठेव आणि घासागणिक हनुवटी पुसत जा.

त्याला तू दोन वर्षं आजाऱ्याचं जेवण घालते आहेस याचंही मला वाईट वाटतं. डॉक्टर सांगतात ते खरं असेल. पण तो कारखान्यात भट्टीवर होता तेव्हा उन्हाळ्यात त्यांना मिठाच्या गोळ्या वाटायचे, तो खिशात घेऊन फिरायचा. आई गिरणीत कामाला जायची तेव्हा मी त्याला भातावर तेल-मीठ घालून भरवायचे. वाटी चाटून पुसून पुन्हा पुढे करायचा. असा माणूस आता आळणी वरण खातो.

संघमित्राचं वाचून फार आनंद झाला. पण बाळंतिणीचं खाणं म्हणजे मेथी, डिंक, अळीव, सगळं चाखून करायचं काम. तुझ्या जिभेला कडू-गोड कळत नसेल तर पोरीच्या पोटात काय जाईल? मी तिला पत्र घालते की मी येते. मला मूल झालं नाही, पण तिच्या बापाला मीच वाढवलं आहे. तू विश्रांती घे.

जानेवारीत येते. वड्या घालू. माझं बोलणं तिखट असलं तरी मन तसं नाही, हे तू जाणतेसच.

तुझी,
सुजाताताई

---

कुरुद, भिलाई
२५ जानेवारी २०२४

ती. सुजाताताई यांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. तुम्ही गेल्यापासून घर रिकामं वाटतं. वड्या कडक वाळल्या. जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या बाजूने वारा आला की गच्चीवर धूळ बसते, म्हणून वर जुनी साडी टाकली होती. आपल्या वड्या मोठ्या बरणीत भरल्या आणि यांच्या आळणी वड्यांचा डबा वेगळा ठेवला आहे, झाकणाला लाल दोरा बांधून.

ताई, यांच्या वड्यांचं पीठ तुम्ही चाखून दिलंत हे फार बरं झालं. मी यांना रोज विचारायचे आणि हे रोज बरोबर म्हणायचे, पण माझं मन राखायला म्हणतात की काय अशी शंका यायची. तुम्ही बोटावर पीठ घेऊन चाखलंत आणि मान डोलावलीत, तेव्हा माझी धाकधूक गेली. किती टाकलं होतं ते हाताने लक्षात ठेवलं आहे. तेव्हापासून वरणात, भाजीत त्याच अंदाजाने टाकते. माझी जीभ तुम्ही झालात असं समजा.

यांचं जेवण चांगलं आहे. तुम्ही होतात तेव्हा दोन वाट्या वरण घ्यायचे, अजूनही घेतात. म्हणतात, आता कुठे जेवून राहिलो. गाल वर आले आहेत, अंग भरलं आहे, चप्पल पायाला घट्ट होते म्हणून नवी आणायची आहे. पाणी मात्र फार पितात. तुम्हीही तांब्या जवळ घेऊन बसायचात. इथल्या कोरड्या हवेने होत असेल.

लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. तुम्ही दोघं जेवताना हसायचात आणि मी पोळी घेऊन बाहेर आले की गप्प व्हायचात. माझ्या हनुवटीवर काही लागलेलं असणार. त्यात तुमची चूक नाही, दिसतंच तसं. आता मी स्वयंपाकघरातच जेवते, तुम्ही सांगितला तसा रुमालही ठेवते. यांनी एकदा विचारलं, काहून आत बसतेस. मी म्हटलं तिथे उजेड बरा आहे.

संघमित्राला पाचवा लागला आहे. तिला वास सहन होत नाही म्हणून इकडे येत नाही. मी तिच्यासाठी जुन्या साड्यांची दुपटी शिवते आहे.

तुमचा हात डोक्यावर असू द्यावा.

आपली,
शालू

---

पुलगाव
२८ मार्च २०२४

श्रीमती शालू हिस,
जय भीम.

सौ. लिहायला हात गेला आणि थांबला. लिहिण्याची सवय मोडायला वेळ लागेल.

नरेशचं पुण्यानुमोदन आटोपून मी परतले. तिथे पाहुण्यांत बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. नरेशला दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या छातीत पाणी भरलं होतं आणि पाय खांबासारखे सुजले होते. सुजेला तू अंग भरलं म्हणत होतीस. डॉक्टरने तुला हिंदीत विचारलं की घरात नमक तर देत नव्हतात ना. तू म्हणालीस, नाही, मी माझ्या हाताने टाकते, चवीपुरतंच. मला ऐकू आलं नाही, संघमित्राने कागदावर लिहून दाखवलं. तेव्हा तिनेही तुझ्यावर विश्वास ठेवला होता.

तो गेला तेव्हा तू रडली नाहीस. बायका म्हणत होत्या, बिचारी सुन्न झाली आहे. मी म्हटलं, ती सप्टेंबरपासूनच सुन्न आहे.

मग दुसऱ्या दिवशी तू पाहुण्यांसाठी वरण केलंस. संघमित्राने पहिला घास ओंजळीत काढला आणि मोरीकडे धावली. आमच्या प्रेमानंद मामांनी पान तसंच सरकवलं. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि तू आणखी वाढू का म्हणून विचारत होतीस. त्यानंतर कुणाला काही सांगायची गरज राहिली नाही. माझा भाऊ तीस वर्षं भट्टीवर उभा राहिला, विस्तवाने त्याचं काही केलं नाही. घरच्या वरणाने केलं.

संघमित्राशी मी सविस्तर बोलले आहे. बाळंतपणाला तू नको. ती आईला तोंडावर म्हणणार नाही, म्हणून तूच तिला कळवून टाक. मी जाईन.

हे कुणीतरी सांगायला हवं होतं. जवळचं माणूसच सांगतं.

सुजाताताई

---

कुरुद, भिलाई
६ एप्रिल २०२४

ती. सुजाताताई यांस,
जय भीम, वि. वि.

पत्र मिळालं. वरणाचं लिहिलंत ते खरं आहे. संघमित्राने चूळ भरली ते मी पाहिलं.

तिचा फोन आला होता. म्हणाली, आई तू ये, बाळाला घे, पण स्वयंपाकाला आपण बाई लावू. मी बरं म्हटलं. तिने पुन्हा विचारलं की राग नाही ना आला, कारण माझं बरं तिला नीट ऐकू आलं नव्हतं.

तुम्हाला एकच विचारायचं आहे. जानेवारीत तुम्ही पीठ चाखलंत आणि आठवडाभर माझ्या हातचं जेवलात. तेव्हा ठीक होतं ना? तेव्हा ठीक असेल तर माझा हात नंतर सुटला आणि दोष माझा. तेवढं कळवा. मी त्या उत्तराची वाट बघते.

आपली,
शालू

---

पुलगाव
१७ एप्रिल २०२४

श्रीमती शालू हिस,
जय भीम.

जयंतीच्या गडबडीत उत्तराला दोन दिवस उशीर झाला.

जानेवारीत सगळं बरोबर होतं. वरणही आणि वड्याही. खारट असतं तर मी सांगितलं नसतं का? मला काय त्याचा जीव नको होता? तुझा हात मी गेल्यावर सुटला. दाढांबरोबर काय काय गेलं ते तुझं तुलाच ठाऊक.

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात रायपूरला जाते, तिकीट काढलं आहे. डिंक इथूनच घेऊन जाईन. तू नामकरणाला ये, पाहुण्यासारखी. चार लोकांत बसशील तेव्हा रुमाल विसरू नकोस.

तब्येतीला जप.

सुजाताताई

---

कुरुद, भिलाई
१८ मे २०२४

ती. सुजाताताई यांस,
जय भीम, वि. वि.

महिनाभर जिभेला मुंग्या येत होत्या. मग टाचणी टोचल्यासारखं होऊ लागलं. गेल्या आठवड्यात कैरी चिरताना एक फोड तोंडात टाकली आणि आंबट लागली. मी हातातली कैरी ठेवून बाहेरच्या खोलीत यांना सांगायला गेले. खुर्चीपाशी पोचल्यावर लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी लाल दोऱ्याचा डबा काढला. यांच्या आळणी वड्या. ते दवाखान्यात गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. पाण्यात शिजवल्या, वरून मीठ टाकलं नाही. एक तोंडात घातली आणि तोंडात धरवली नाही. मग जानेवारीपासून ज्या अंदाजाने टाकत होते त्याच अंदाजाने वाटीभर वरण केलं. एक घोट घेतला, दुसरा घेता आला नाही. ते दोन वाट्या घेत होते.

ताई, वरण माझ्या हाताने बिघडलं असं म्हणता येईल. पण त्या वड्या तुम्ही असतानाच्या आहेत. तेच पीठ तुम्ही चाखलं होतं. डब्यात ठेवून मीठ वाढत नाही.

तुम्हाला ऐकू कमी येतं, चव कमी लागत नाही. तुम्ही तांब्या जवळ घेऊन का बसत होतात तेही आता कळलं. मी कुणाला काही बोललेले नाही. मान का डोलावलीत, तेवढं लिहा.

शालू

---

पुलगाव
२६ मे २०२४

शालू हिस,

तुले खरंच पाहिजे ना, तर घे.

तू पिठात हात घालून बसली होतीस, पाठमोरी. मी बोट तोंडात घातलं आणि बोलणार होते. नरेश दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले आणि मग ओठावर बोट ठेवलं. लहानपणी आईच्या चोरून आणखी एक वाटी तेल-मीठ-भात मागायचा तेव्हा अस्संच करायचा. साठी उलटलेला माणूस, डोळ्यांत पाणी आणून हात जोडतो. मी मान डोलावली. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा डोलावीन.

आम्ही हसायचो ते तुझ्या हनुवटीवर नाही. तुझ्या हनुवटीवर काही नसायचं. तो म्हणायचा, शालूची जीभ गेली अन् माझी परत आली. त्यावर हसायचो. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा आळणी केलं असतंस, म्हणून गप्प व्हायचो.

दोन वर्षं तू त्याला राख खाऊ घातलीस आणि नियमाने वागले म्हणून समाधानात राहिलीस. मी त्याला चार दिवस जेवू दिलं. मीठ टाकलं तुझ्या हाताने, माझ्या हाताने नाही.

संघमित्राला सांगायचं असेल तर सांग. पण मग बापाने आईला रोज समोर बसून फसवलं, हेही तिला सांगावं लागेल. भरल्या दिवसांत ते तिला सोसतं का, बघ.

मी ठरल्या दिवशी निघते.

सुजाता

---

रायपूर
२० जून २०२४

ती. सुजाताताई यांस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

संघमित्राला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. केस दाट आहेत आणि रंग यांच्यावर गेला आहे.

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी इकडे आले. आल्यावर संघमित्राला म्हटलं, माझी जीभ परत आली आहे, तूच बघ. तिच्यासमोर बसून भाजी केली. तिने भीत भीत चमच्याचं टोक चाखलं, मग वाटी पुढे केली. स्वयंपाकाच्या बाईला तिने दुसऱ्या दिवशी नको म्हणून सांगितलं. अळीव, डिंक सगळं मी करते.

तुम्ही लिहिलंत ते मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिचे बाबा तिला जसे आठवतात तसेच राहतील. यांच्यावर रागवावं तर ते नाहीत, म्हणून तो रागही तुमच्याच वाट्याला आला आहे.

तुम्ही येऊ नये म्हणून तुमच्या शेजारच्या चंदाकडे फोनवर निरोप गेला, तो संघमित्राने दिला. तिने मला विचारलं होतं की आत्याला बोलवायचं ना, ती इतकी मनापासून तयारी करते आहे. मी म्हटलं, आत्याला ऐकू येत नाही. मी भाजीला गेले आणि तू झोपलीस, तेवढ्यात बाळ रडलं तर तिला कळायचं नाही. आत्याची माया मोठी आहे, पण बाळाच्या जवळ शाबूत कानाचं माणूस हवं. संघमित्राला लगेच पटलं. म्हणाली, खरंच की, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नामकरणालाही तुम्हाला दगदग नको, असं तीच म्हणाली. पाहुण्यांत तुम्हाला कुणाचं काही ऐकू येत नाही, तुम्ही नुसत्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसता, ते तिला बघवत नाही.

माझी जीभ आली, ओठ मात्र आला नाही. डॉक्टर म्हणतात आता यायचा नाही. बाळाचा पापा घेते तेव्हा ओठाखाली गाल आहे की दुपटं ते समजत नाही. म्हणून मी तिला नाकाने हुंगते.

सोबत पार्सलने लाल दोऱ्याचा डबा पाठवते आहे. यांच्या वड्या आहेत, बऱ्याच उरल्या. टाकून द्यायला हात धजावला नाही. तुम्ही चाखून दिल्या होत्या, तुम्हीच संपवा. शिजवताना वरून मीठ टाकू नये.

लोभ चवीपुरता असू द्यावा.

आपली,
शालू